टॉवेलाआडची पंचवीस मिनिटं

वडवणी,
रविवार, १२ मे २०१९

प्रिय चंद्रा,

पाकिटावरचं माझं कोंबड्याच्या पायाचं अक्षर ओळखून तू आधी कपाळाला हात लावशील. पत्र! आणि तेही दोन हजार एकोणीस साली! पण करू काय? खाटेशेजारच्या त्या बोलक्या डब्यातून बोलावं तर तिथला शब्दन् शब्द रेकॉर्ड होतो, आणि मोबाइलवर तू 'कामात आहे' एवढं पाठवून मोकळी होतेस. बारा दिवसांत चारदा पाठवलंस, मी मोजलंय. पत्र मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. अंबाजोगाईच्या नर्सिंग वसतिगृहात माझ्या आईची पत्रंसुद्धा माझ्याआधी वाचून काढणारी तू, तुला स्वतःच्या नावाचं पत्र न वाचता राहवेल होय?

तू का बोलत नाहीस ते मला ठाऊक आहे. आपल्या दोघींच्या मध्ये तीस एप्रिलचा मंगळवार येऊन बसलाय. त्या दिवसानंतर तू पुण्यातून बघायच्या त्या वडवणीच्या चार खाटा सोडल्यास आणि दुसऱ्या कुठल्या गावच्या मागून घेतल्यास. रोज सकाळी आठला डब्यातून 'नमस्कार वडवणी' येतं, पण आवाज कुणा वेगळ्याच पोरीचा असतो. पोरगी गुणी आहे, बारकाईने बघते, माझी तक्रार नाही. पण तिला 'पदर घेते गं' म्हटलं तर ती म्हणते, 'सॉरी, परत सांगाल का?' आता हिला कुठून कुठून समजावू!

आधी इकडची खबरबात सांगते. आज परिचारिका दिन. आपल्या रुग्णालयाचे चेअरमन अर्जुनराव सकाळी सकाळी गुलाब घेऊन आले. बीडहून मागवलेले, इथे पोचेस्तोवर त्यांनी माना टाकलेल्या. आम्हा चौघी सिस्टरांना एकेक दिला. छबुबाईंना नाही, कारण त्या पडल्या वॉर्डातल्या आया. मी माझा गुलाब देठ मोडून त्यांच्या अंबाड्यात खोचला, तर साठीची बाई दिवसभर मान ताठ ठेवून फिरतेय. बाकी ऊन विचारू नकोस. टँकर तीन दिवसाआड येतो. निम्मा तालुका चारा छावण्यांत जाऊन राहिलाय, बैलांसोबत माणसंही तिथेच शिजवून खातात. असं सगळं असूनही मी मजेत आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तू पुढचं रडक्या सुरात वाचशील.

दसऱ्याला डब्याचं उद्घाटन झालं ते आठवतं का गं? दूध संघ आणि पतसंस्था दोघांनी मिळून वर चार खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला होता, पण मोठे डॉक्टर वडवणीला यायला तयार नाहीत आणि आलेली सिस्टर टिकत नाही. मग तोडगा निघाला की खाटा इथे, डोळे पुण्यात. प्रत्येक खाटेशी एक कॅमेरा आणि एक बोलका डबा. पुण्याच्या हॉलमध्ये तुम्ही बसायचं, चार गावच्या पेशंटांचे चेहरे आणि आकडे बघायचे, शेजारी मोठे डॉक्टर. इथे मी आणि छबुबाई. उद्घाटनाला अर्जुनरावांपुढे एकच पेच पडला, की डब्यातल्या डॉक्टरांचा सत्कार करायचा कसा? आपल्याकडे पाहुण्याला टॉवेल-टोपी दिल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटतच नाही. शेवटी त्यांनी डब्याला कुंकू लावलं, नारळ पुढ्यात ठेवला, टोपी कॅमेऱ्यावर चढवली आणि टॉवेल दांडीला अडकवला. तिकडून हसू दाबत कुणीतरी म्हणालं, 'नमस्कार वडवणी, आम्हाला टोपीच्या आतलं दिसतंय.' आणि मी भर सभेत ओरडले, 'चंद्रे?' बावीस वर्षांनी, चंद्रा. मंडपात कुणाला काही कळलं नाही, आणि मी रडत होते. टोपी कुणीतरी घरी नेली. टॉवेल मात्र दांडीवरच राहिला. त्यानेच पुढे घात केला.

भिवराबाई आली ती पंचवीस एप्रिलला. दोन महिने छावणीत बैलांपाशी राहिलेली, वर धुरळा, खाली चुलीचा धूर, त्यातून न्यूमोनिया. मुलगा आश्रुबा जीपमध्ये घालून घेऊन आला तेव्हा ओठ जांभळे पडले होते. पुढे हलवण्यात धोका होता, म्हणून तुझ्या शेजारच्या डॉक्टरांनी इथेच ठेवायला सांगितलं आणि दोन दिवस तू तिच्यावरची नजर काढली नाहीस. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, डब्याकडे बघत मास्कच्या आतून मला विचारलं, 'तो बाबा कोण हाय गं? सारखा बघायलाय.' म्हटलं, डॉक्टर आहेत, पुण्याचे. 'मंग मला ह्यो झगा कावून घातला? ह्याला पदर कुठंय?' खरंच की, गाऊनला पदर नसतो! मग तिने स्वतःचं लुगडं उशाशी मागून घेतलं. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, तरी डब्यातून पुरुषाचा आवाज आला की चिमट्याच्या हातानेच लुगड्याचं टोक डोक्यावर ओढणार. इकडे चिमटा हलला की तिकडे तुझ्या पडद्यावर आकडे गुल. 'सरू, तुझ्या म्हातारीचे आकडे गेले बघ!' 'आकडे नाही गेले बाई, पदर घेतलाय.' किती हसायचो आपण!

अंग पुसण्याचा प्रश्न तेवढा उरला. तू कॅमेरा भिंतीकडे वळवून दाखवलास. तिला पटेना. मान फिरवलेला माणूस परत वळून बघू शकतो की, असं तिचं म्हणणं. तिला पटला तो टॉवेल. मग आपलं ठरलं, मी 'पदर घेते गं' म्हणायचं, सत्काराचा टॉवेल कॅमेऱ्यावर टाकायचा आणि दहा मिनिटांत काढायचा. तुमच्या कंपनीच्या कुठल्याही नियमात हे नव्हतं. आपल्या दोघींच्या मात्र होतं.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला मी तसंच म्हटलं आणि टॉवेल टाकला. आपले डॉक्टर खाली ओपीडीत. दुसऱ्या सिस्टरची जागा रिकामी. दसऱ्यापासून तिघी आल्या, तिघी गेल्या, शेवटची तर पाण्यालाच कंटाळून गेली. मी चिमटा काढला, मॉनिटरची शिट्टी बंद केली, मास्क तसाच ठेवून अंग पुसलं. छबुबाईंना म्हटलं, केस तेवढे विंचरा. तोच खाली टँकरचा हॉर्न. शहादेव ड्रायव्हरचा खाक्या तुला माहीत नाही. सहीला माणूस खाली आला नाही, की हा निघाला पुढच्या गावाला. मागच्या खेपेला असाच गेला होता आणि आम्ही दोन दिवस उसन्या घागरींवर वॉर्ड चालवला होता. म्हटलं, सही करून ही आलेच. टॉवेल तसाच, चिमटा ट्रेमध्ये, शिट्टी बंद. खाली जाऊन बघते तर पाईप निसटलेला, पाणी रस्त्यावर, गल्लीतल्या बाया हंडे घेऊन धावलेल्या आणि शहादेव तोंडात तंबाखू धरून बघत उभा. मी पाईप धरला. वाहून चाललेलं पाणी बघून मला दुसरं काहीच सुचलं नाही, चंद्रा. टॉवेल टाकल्यापासून पंचवीस मिनिटं गेली.

वर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. मास्कचा पट्टा केसांच्या आड येत होता, म्हणून छबुबाईंनी मास्क काढून उशीवर ठेवला. तेल लावलं, छान अंबाडा बांधला. म्हातारी डोळे मिटून गप्प पडली, तर ह्यांना वाटलं, विंचरल्यावर झोप लागली. त्या कौतुकाने बघत बसल्या. तिकडे तू काळ्या पडद्यासमोर दहा मिनिटं थांबलीस, मग फोन वाजवलास. फोन छबुबाई उचलत नाहीत, कारण तो सिस्टरांचा. मग तू हाक मारलीस, 'छबुबाई, कृपया टॉवेल काढता का?' सात महिन्यांत ही बाई डब्याशी एक अक्षर बोललेली नव्हती; परक्या पुरुषाच्या डब्याशी आपण काय म्हणून बोलायचं! त्या बसून राहिल्या. आणि मग, वीस मिनिटं आकडे नाहीत की चित्र नाही म्हणून तू धसका घेतलास. चार नंबरच्या खाटेवरचे पेशंट सांगतात, डबा एकदम असा कडाडला की ते स्वतःच उठून बसले. 'अवो मावशी, म्हातारी मरायली तुमच्यासमोर! वढा तो टॉवेल!'

मी भिजल्या कपड्यांनी जिना चढून आले तेव्हाचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. छबुबाई डोक्यावर पदर घेऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या, दोन्ही हातांनी मास्क भिवराबाईच्या तोंडावर धरलेला. आणि डब्यातून तू, 'दाबून धरा मावशी, सोडू नका. मानंखाली उशी घ्या. मी हाय हितं. मी बघायले.' मी चिमटा लावला. एकाहत्तर. डॉक्टर धावत आले. अर्ध्या तासाने आकडा ब्याण्णववर आला आणि भिवराबाईने डोळे उघडून आधी काय केलं असेल? लुगड्याचं टोक चाचपलं. मी जमिनीवर बसून घेतलं. पुण्याला गेल्यापासून तू इतकं धुतलेलं मराठी बोलतेस, की तुझ्या गावची, धर्मापुरीची बोली तू विसरलीस असं मी धरूनच चालले होते. विसरली नव्हतीस गं.

संध्याकाळी तुझा अहवाल आला. '११.१० ते ११.३५, वीजपुरवठा खंडित, चित्र उपलब्ध नाही.' एकच ओळ. बीड जिल्ह्यात वीज गेली म्हटल्यावर पुरावा कोण मागतो? सगळ्यांनी मान डोलावली. मीही गप्प बसले. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. रात्री शांत झोप लागली. तू ती ओळ का लिहिलीस ते मला पुरतं कळलं होतं. ती अंबाजोगाईची फेड होती.

दुसऱ्या वर्षाला होतो आपण. दसरा झालेला, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या, आणि तुझ्या आईचा ट्रक स्टँडपाशी घटकाभर थांबणार असा निरोप आला. तू पाळी सोडून पळालीस ती दोन तास. मेट्रनबाईंनी विचारलं तेव्हा मी डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, चंद्रभागा चादरी आणायला गेलीय. तू परतलीस ते सुजलेले डोळे आणि ओच्यात आईने दिलेल्या शेंगा घेऊन. शेंगा मी निम्म्या खाल्ल्या. त्या खोट्याचा मला आजही पस्तावा नाही. त्या दिवशी वॉर्डात काही बिघडलं नाही, आणि तुझी आई त्यानंतर दोनच हंगाम होती. ती उसाच्या फडात आजारी पडली, आणि तुला निरोप पोचला तो सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी. तिच्याजवळ तेव्हा बघणारं कुणी नव्हतं. म्हणूनच तू दिवसभर डोळे ताणून लोकांच्या आया बघत बसतेस, हे मी कधी तुला बोलले नाही. आज बोलते.

पण तीस एप्रिलच्या खोट्याचं तसं झालं नाही. नऊ तारखेला संचालकांची बैठक होती. आदल्या दिवशी विषयपत्रिका फलकावर लागली. विषय तीन, वारंवार वीज जात असल्याने मोठा इन्व्हर्टर बसवणे. विषय चार, दुसऱ्या सिस्टरची नेमणूक, तूर्त तहकूब. मी ते दोनदा वाचलं. तुझ्या एका ओळीने इन्व्हर्टर येणार होता आणि सिस्टर जाणार होती. अन् इन्व्हर्टरला टॉवेल काढता येत नाही, चंद्रा. तो जिना उतरून पाण्याची सही करायला जात नाही. पुढच्या मंगळवारी पुन्हा हॉर्न वाजणार, पुन्हा मी एकटी असणार, आणि त्या वेळी डब्यात तू असशीलच असं नाही.

बैठकीच्या दिवशी मी बोलावणं नसताना आत गेले. म्हटलं, साहेब, विषय तीनबद्दल सांगायचंय. अर्जुनरावांनी चष्मा वर केला. 'सांगा की सिस्टर. त्या दिशी वीज गेलती का न्हाई?' म्हटलं, 'न्हाई.' 'मंग काय गेलतं?' 'मी गेलते, साहेब. टँकरपाशी.' आणि मग सगळं सांगितलं, टॉवेल, चिमटा, शिट्टी, पाईप. छबुबाईंनी मी सांगितलेलंच काम केलं, मास्क काढायचा नाही हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायचं काम माझं होतं, हेही सांगितलं. एक संचालक ताडकन उठले, 'आसल्या सिस्टरला ठिवायचं कशाला?' अर्जुनरावांनी त्यांना हाताने बसवलं. त्यांनी टॉवेल काढून टेबलावर त्याची घडी घातली. त्यांच्या खांद्यावर एक असतोच. मग म्हणाले, 'आपण आवघे त्या डब्याचा सत्कार करून आलो. डब्याखाली माणूस किती हाय, ते एकानं बी मोजलं न्हाई.' विषय चार तीनच्या आधी घेतला. जाहिरात गेली. येणाऱ्या सिस्टरला मागच्या आवारात खोली आणि स्वतंत्र पाण्याची टाकी. तोवर ओपीडीची एक सिस्टर शुक्रवारपासून माझ्याबरोबर वर. नवा नियमही झालाय, टॉवेल पडला की दोघींपैकी एकीने जागचं हलायचं नाही, आणि दहा मिनिटांनी डब्याने बिनधास्त ओरडायचं. मला मेमो मिळाला. ड्रॉवरमध्ये गुलाबाच्या देठाशेजारी ठेवलाय. तो वाचून वाईट वाटलं, आणि त्या रात्री पहिल्यापेक्षाही शांत झोपले.

तर पत्राचं कारण असं, की मी खरं सांगून बसलेय आणि तुझी ओळ अजून तशीच आहे. ती तू स्वतःच्या हाताने दुरुस्त कर. कुणी तुझ्या दाराशी कागद घेऊन यायच्या आत तू आपण होऊन जा आणि सांग, की टॉवेल होता, आणि मी दहा मिनिटांनी ओरडायचं ते वीस मिनिटांनी ओरडले. तुलाही मेमो मिळेल. मिळू दे, जोडी होईल. आणि मग आपल्या चार खाटा परत मागून घे. वीस तारखेच्या सोमवारी सकाळी आठला 'नमस्कार वडवणी' तुझ्या आवाजात यायला पाहिजे. उत्तर मी देणार नाही, छबुबाई देणार आहेत. रोज केर काढताना सराव चाललाय. आणि एवढं होऊनही तोंड दाखवायची लाज वाटत असेल, तर कालचं ऐक. काल भिवराबाई घरी गेली, आश्रुबाचा हात धरून, आपल्या पायांनी. दारातून परत फिरली आणि डब्यासमोर येऊन उभी राहिली. त्या पोरीने गोड आवाजात नमस्कार केला. 'ही न्हवं,' म्हातारी मला म्हणाली, 'ती दुसरी. वरडणारी. तिला सांग, भिवराबाई पुसत व्हती म्हणून.' पदर खांद्यावर, डोकं उघडं. मी चिडवलं, काय मावशी, आज पदर विसरला वाटतं? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही. म्हणाली, 'लेकीसमोर कुठं पदर घेत्यात व्हय?'

वाट बघणारी, तुझीच
सरू